सोपवलेला वर्ग

माझी पाठ टाचणाची वही मी अजून जपून ठेवली आहे. खाकी वेष्टन आणि आत प्रत्येक पानावर चार रकाने: उद्दिष्टे, स्पष्टीकरणे, अध्ययन अनुभव, मूल्यमापन. पानाच्या तळाशी मार्गदर्शकांची लाल शाईतली सही. आदल्या दिवशी ती सही मिळाली नाही, तर वर्गावर उभं राहता येत नसे. साल १९८४. मी वाशीमला डी.एड. करत होते. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं.

शिकता शिकता शिकवायचं, ही रीत मात्र डी.एड.च्या कितीतरी आधीची. पंतोजींच्या शाळेत मोठी मुलं लहानांना धूळपाटीवर अक्षरं गिरवायला लावत. मद्रासला अँड्र्यू बेल या पाद्र्यानं अठराव्या शतकाच्या अखेरीस मुलांनी मुलांना शिकवायची अशीच पद्धत बसवली आणि ती इंग्लंडला नेली. तिकडे तिला मद्रासचंच नाव पडलं. पुढे नॉर्मल स्कुलं, म्हणजे शिक्षक घडवणाऱ्या शाळा, आल्या. माझे आजोबा 'नॉर्मल पास' मास्तर होते. हर्बार्टच्या पाठाच्या पायऱ्या त्यांना म्हातारपणीही मुखोद्गत होत्या. १९३८ साली वर्ध्याला विद्यामंदिर योजनेच्या शिक्षकांचं प्रशिक्षण सुरू झालं. आपला वऱ्हाडही तेव्हा वर्ध्याच्याच प्रांतात होता. तिथे होतकरू शिक्षकाला आधी स्वतः हातानं काम करावं लागे, पुस्तक त्यानंतर.

आमच्या वाट्याला आला तो छात्रसेवाकाल. सराव पाठात अर्ध्या तासाचे पाहुणे असायचो. छात्रसेवेत मात्र अख्खी शाळा अंगावर. परिपाठाच्या आधी पोचायचं, हजेरी मांडायची, फळा स्वच्छ ठेवायचा, सोबतिणीचा पाठ मागे बसून बघायचा आणि निरीक्षण वहीत खरं तेच लिहायचं. मैत्रिणीच्या चुका लिहिताना हात जड व्हायचा.

माझी शाळा पोहरादेवीच्या बाजूला, एका बंजारा तांड्यावर. पहिलीचा वर्ग, विषय 'आई'. तक्ता रात्री जागून रंगवलेला. मी विचारलं, "आई काय काय करते?" वर्ग गप्प. पुन्हा विचारलं. पुढे बसलेला एक पोरगा तक्त्याकडे बोट दाखवून हळूच शेजाऱ्याला म्हणाला, "याडी." आणि सगळा वर्ग एकदम बोलायला लागला. कुणाची याडी बाटी करते, कुणाची ऊस तोडायला गेली आहे. मला अर्धंमुर्धं कळत होतं, पण माझ्या चार रकान्यांत यातलं काहीच नव्हतं. मी फळ्यावर 'आई' लिहिलं आणि शेजारी 'याडी'.

टाचण सोडून शिकवलं म्हणून बोलणी बसतील, याची धास्ती होती. वर्गशिक्षक गुरुजी दाराशी उभे राहून बघत होते. जेवणाच्या सुट्टीत ते एवढंच म्हणाले, "पोरी, तू महिन्यानं जाशीन. हे लेकरं इथंच राहातीन. वर्ग जसा घेतला, तसा मले वापस दे. घाबरलेला देऊ नको." त्या दिवसापासून 'याडी' हा शब्द माझ्या टाचणात आहे, उद्दिष्टांच्या रकान्यात, खाडाखोड करून घुसवलेला. त्या पानावरही लाल सही आहे.

छात्राध्यापकाची जबाबदारी मला त्या गुरुजींनी शिकवली. पाठ हुकला तर आपले गुण जातात, पण त्या मुलाची पहिली पुन्हा येत नाही. वर्ग आपल्या सरावासाठी नसतो. कुणीतरी विश्वासानं काही दिवस आपल्याकडे सोपवलेला असतो.

डी.एड.चं आता डी.एल.एड. झालं आहे. २०१४च्या नियमांनंतर बी.एड. दोन वर्षांचं झालं, प्रत्यक्ष शाळेतला काळ वीस आठवड्यांवर गेला आणि त्याला आंतरवासिता हे भारदस्त नाव मिळालं. काळ वाढला हे फार चांगलं झालं. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत आंतरवासितेला माझ्याकडे आलेल्या एका मुलीच्या फाइली फार देखण्या होत्या. तिसऱ्या आठवड्यात मी तिला म्हटलं, "फाइल राहू दे. वर्गातल्या बत्तीस मुलांची नावं सांग, हजेरी न बघता." तिनं एकोणतीस सांगितली. राहिलेली तिघंही मागच्या ओळीतली होती. दुसऱ्या दिवशी परिपाठानंतर मी वर्गात डोकावले, तर ती त्यांच्यामध्ये सतरंजीवर बसून पेन्सिलीला टोक करत होती.