मोटारीच्या पुढल्या चाकाचा सांधा

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गड, लढाया आणि तहनामे उभे राहतात. ते योग्यच आहे. पण आपल्या दाराशी उभ्या असलेल्या जुन्या मोटारीच्या चाकामागेही तीनशे वर्षांचा एक इतिहास दडलेला असतो. आज त्याच इतिहासाविषयी चार शब्द सांगायचे आहेत.

वापरलेली छोटी मोटार घेऊन रोज शाळेला किंवा तालुक्याला जाणारी मंडळी आपल्यात पुष्कळ आहेत. एखाद्या दिवशी वळण घेताना पुढच्या चाकाकडून ‘कट् कट् कट्’ असा आवाज येऊ लागतो. गाडी सरळ धावू लागली की आवाज बंद. मिस्त्री वाकून पाहतो आणि म्हणतो, “मास्तर, अ‍ॅक्सल गेला.” आता अ‍ॅक्सल गेला म्हणजे नेमके काय गेले? ते समजून घेण्यासाठी थोडे मागे जायला हवे.

आपल्या बैलगाडीची गोष्ट सोपी आहे. बैल जू ओढतात, चाक आपले आसाभोवती मोकळे फिरते. चाकाला कुणी फिरवावे लागत नाही. मोटारीत मात्र इंजिनाची ताकद दांड्यातून चाकापर्यंत न्यावी लागते. मागची चाके फिरवायची असली तर काम त्या मानाने सोपे, कारण ती वळत नाहीत. पण पुढची चाके फिरवायची म्हटली, की त्याच चाकाने फिरायचे, रस्त्याप्रमाणे डावी-उजवीकडे वळायचे आणि खड्ड्यांतून वरखालीही व्हायचे. म्हणजे दांड्याला मध्येच सांधा हवा. आणि तो वाकला तरी फिरणे थांबता कामा नये.

असा सांधा माणसाला फार पूर्वीच सुचला होता. सोळाव्या शतकातला इटालियन पंडित कार्डानो याच्या नावाने तो युरोपात ओळखला जातो. पुढे इंग्लंडातल्या रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञाने 1676 साली, म्हणजे रायगडावरच्या राज्याभिषेकानंतर अवघ्या दोन वर्षांनी, सूर्याचे निरीक्षण करण्याच्या उपकरणांवरील आपल्या पुस्तकात त्याचे वर्णन केले. दोन दांड्यांच्या टोकांना दोन चिमटे आणि मध्ये अधिक चिन्हासारखा एक तुकडा, एवढीच त्याची रचना. ट्रक आणि जीप यांच्या खाली आजही तो पाहायला मिळतो.

पण या सांध्यात एक खोड आहे, आणि ती हूकच्याही ध्यानात आली होती. सांधा वाकला, की एक दांडा एकसारखा फिरत असला तरी दुसरा एकसारखा फिरत नाही. समजा, सांधा 30 अंशांनी वाकलेला आहे आणि पहिला दांडा मिनिटाला 100 फेऱ्यांच्या गतीने अगदी स्थिर फिरतो आहे. तर दुसऱ्या दांड्याची गती एकेका फेरीत दोनदा सुमारे 87 पर्यंत उतरते आणि दोनदा 115 पर्यंत चढते. शिक्षकबंधूंनी हा प्रयोग वर्गात करून दाखवावा. पान्यांच्या संचात जो हलता सांधा मिळतो, तो वाकवून हळूहळू फिरवला की ही ओढाताण हाताला सहज जाणवते.

मागच्या चाकांच्या गाडीत लांब दांड्याला असे दोन सांधे बसवले, की एकाची चूक दुसरा दुरुस्त करतो. पुढच्या चाकाशी मात्र जागा तोकडी आणि कोन तर वळणागणिक बदलणारा. हूकचाच सांधा तिथे लावला तर वळणावर चाक धक्के देते आणि सुकाणू हातात थरथरते. पुढची चाके ओढणाऱ्या गाड्या अनेकांनी बांधून पाहिल्या. घोडे पुढेच अडले ते या ठिकाणी.

उत्तर सापडले ते 1920 नंतरच्या दहा वर्षांत. फ्रान्समध्ये ग्रेगवार आणि फेनाय या दोघा मित्रांनी 1926 साली ‘ट्राक्टा’ नावाचा सांधा काढला, आणि ग्रेगवारने 1927 साली ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत आपली गाडी उतरवून ती शेवटपर्यंत नेली. त्याच सुमारास अमेरिकेत फोर्ड कंपनीतील अभियंता आल्फ्रेड झेप्पा याने वेगळीच युक्ती योजली. बाहेर एक वाटी, आत एक गोल गाभा, दोघांनाही सहा-सहा खाचा, त्या खाचांत सहा पोलादी गोळ्या, आणि गोळ्यांना जागेवर ठेवणारा एक पिंजरा.

या युक्तीचे मर्म शाळेतल्या भूमितीत आहे बरं का! कोनदुभाजकावरचा प्रत्येक बिंदू दोन्ही भुजांपासून सारख्याच अंतरावर असतो, हे आपण मुलांना शिकवतो. झेप्पाचा सांधा कितीही वाकवा, त्याच्या सहाही गोळ्या दोन दांड्यांमधल्या कोनाच्या बरोबर मधोमध, दुभाजकाच्या पातळीवर राहतात. अंतर दोन्हीकडे सारखे, म्हणून गतीही दोन्हीकडे सारखी. वहीतल्या त्या एका रेघेने अडीचशे वर्षांचे कोडे सोडवले.

दुसऱ्या महायुद्धात सहा लाखांहून अधिक जीपगाड्या तयार झाल्या. त्यांच्या पुढच्या चाकांसाठी समगतीचे सांधे मोठ्या प्रमाणावर लागले. सामान्य कुटुंबाच्या गाडीत झेप्पाच्या सांध्याने खरे नाव काढले ते मात्र 1959 साली. 1956 च्या सुएझ प्रकरणाने इंग्लंडात पेट्रोलची टंचाई झाली, आणि अ‍ॅलेक इसिगोनिस याने दहा फूट लांबीची, चार माणसे नेणारी ‘मिनी’ बांधली. इंजिन आडवे, ओढ पुढच्या चाकांची. मागे जाणारा लांब दांडा नाहीसा झाल्याने आत ऐसपैस जागा.

आपल्याकडच्या अ‍ॅम्बेसेडर आणि पद्मिनी या गाड्या मागच्या चाकांच्या. डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली, आणि तिच्याबरोबर हा सांधा घरोघरी पोचला. जानेवारी 2014 मध्ये तिचे उत्पादन थांबले, तरी जुन्या गाड्या पुष्कळ ठिकाणी धावताना दिसतात.

मग असा पक्का सांधा जातो कशाने? बहुतेक वेळा एका रबराने. सांध्यावर घडीघडीची एक रबरी टोपी असते. मिस्त्री तिला ‘बूट’ म्हणतात. ती फाटली की आतले ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला उडते, धूळ आणि पाणी आत शिरते, खाचा झिजतात, आणि मग सुरू होते ती कट्कट. बूट नुकताच फाटलेला असेल तर नवे ग्रीस नि नवा बूट यांवर भागते. आवाज सुरू झाल्यावर मात्र सांधा किंवा सबंध अ‍ॅक्सलच बदलावा लागतो.

हे काम घरीही करता येते, पण जाणत्या माणसाच्या सोबतीने. गाडी सपाट, कठीण जमिनीवर उभी करावी, हातब्रेक ओढावा, मागच्या चाकांना दगडांची उटी द्यावी. हबचा मधला मोठा नट चाके जमिनीवर असतानाच सैल करावा. त्याला जोर फार लागतो. मग गाडी उचलून भक्कम स्टँडवर ठेवावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कुणीही, अगदी क्षणभरही, जाऊ नये. जॅक सरकून माणसे प्राणाला मुकलेली आहेत. चाक काढून खालचा बॉल जॉइंट सोडवला, की हब बाहेर ओढून दांड्याचे टोक मोकळे होते. आतले टोक गिअरबॉक्सजवळ पहारीने बेताने उचकटावे. दांडा धरून ओढू नये, नाहीतर आतला सांधाच सुटतो. तेल सांडेल, म्हणून खाली घमेले ठेवावे. नव्या अ‍ॅक्सलची लांबी नि दाते जुन्याशी ताडून पाहावे, तेलाचे सील दुखवू नये, नट नवा घालावा. तो कंपनीच्या पुस्तिकेतील मापाने आवळून त्याची कड खाचेत ठोकून पक्की करावी. शेवटी गिअरबॉक्समधले तेल भरून काढावे.

एवढे जमत नसेल तर खुशाल मिस्त्रीकडे जावे. मात्र तो काय बदलतो आणि का, हे आपल्याला समजले पाहिजे. म्हणजे बूट फाटला असताना सबंध अ‍ॅक्सलचे पैसे द्यावे लागणार नाहीत. आणि महिन्यातून एकदा, पुढची चाके पुरती वळवून, आत डोकावून ते रबर तेवढे पाहत जा. वर्गात कोनदुभाजक शिकवायचा दिवस आला, की मुलांनाही गाडीजवळ न्या आणि ते रबर दाखवा. भूमिती कशाला शिकायची, असे विचारणाऱ्या मुलाला उत्तर तिथे मिळेल.