सेलबोर्नची वही : एका गावाचा पाऊस, बर्फ आणि थंडी

गावात पाऊस किती पडतो, असं कुणी विचारलं की आपण चटकन सांगतो, ‘यंदा बरा झाला’, ‘मागच्या वर्षी नव्हताच’. पण हे उत्तर आकड्यात द्यायचं, तर कुणीतरी ते पाणी मोजून लिहून ठेवलेलं असावं लागतं. आज अशाच एका वहीची गोष्ट पाहू.

इंग्लंडच्या दक्षिणेला, हॅम्पशर परगण्यात सेलबोर्न नावाचं खेडं आहे. गिल्बर्ट व्हाइट यांचा जन्म तिथलाच, १७२० सालचा. ते चर्चचे धर्मोपदेशक होते. १७६८पासून १७९३ साली मृत्यू होईपर्यंत त्यांनी निसर्गाची रोजनिशी ठेवली. डेन्स बॅरिंग्टन या स्नेह्याने त्यासाठी छापील तक्ते तयार केले होते. तापमान, हवेचा दाब, वारा, पाऊस किंवा बर्फ, कुठलं झाड फुललं, कुठला पक्षी आला, सगळ्याला वेगळा रकाना.

पावसापासून सुरुवात करू. १७८० साली सेलबोर्नला २७.३२ इंच पाऊस पडला, म्हणजे साधारण ६९४ मिलिमीटर. दोनच वर्षांनी, १७८२ साली, तोच आकडा ५०.२६ इंचांवर गेला, म्हणजे १,२७७ मिलिमीटर. जवळजवळ दुप्पट! आता या गावाचा ‘नेहमीचा’ पाऊस कोणता म्हणायचा? १७८९च्या आपल्या पुस्तकात व्हाइट प्रांजळपणे सांगतात की माझं मोजमाप थोड्याच वर्षांचं आहे, तेव्हा सरासरी सांगायला मी पात्र नाही. सरासरी ठरायला फार मोठा काळ मोजत राहावं लागतं, हे त्यांना एका जाणकाराने बजावलं होतं.

खरी गंमत पुढे आहे. डिसेंबर १७८४. सात तारखेला बर्फ पडायला लागला. नऊच्या सकाळी गावात १२ ते १५ इंचांचा थर होता, गल्लीबोळ बंद. त्या संध्याकाळी हवा बोचू लागली, म्हणून व्हाइट यांनी बाहेर दोन थर्मामीटर टांगले. रात्री अकराला पारा ४ अंश फॅरनहाइटवर आला. सकाळी त्यातला एक कुचकामी ठरला, कारण त्याच्या खुणा ४ अंशांपर्यंतच होत्या आणि पारा त्याच्याही खाली गेलेला! दहा तारखेच्या रात्री दुसऱ्याचा पारा शून्याखाली एक अंशावर पोचला. म्हणजे उणे १८ अंश सेल्सिअस.

शेजारचं न्यूटन हे गाव टेकडीवर, व्हाइट यांच्या घरापेक्षा २०० फूट किंवा त्याहून अधिक उंच. तिथे तर कहर असणार, असं वाटून त्यांनी तिथल्या परिचितांना थर्मामीटर पाहायला सांगितलं होतं. उत्तर आलं : त्याच रात्री, त्याच वेळी, १७ अंश. वर थंडी कमी!

इथे काय करायचं? समोरच्याचं यंत्र बिघडलंय, असं म्हणून विषय संपवता आला असता. व्हाइट यांनाही तीच शंका आली. पण त्यांनी आपलं थर्मामीटर वर पाठवून दोन्ही शेजारी ठेवून पाहिली. दोन्ही तंतोतंत जुळली. त्या रात्रीचा १८ अंशांचा फरक खरा होता. पुढे झाडांनीही साक्ष दिली. व्हाइट यांच्या बागेतली सदाहरित झाडं होरपळून गेली. न्यूटनच्या तशाच झाडांचं एक पानही गळलं नाही.

कारण आज आपल्याला माहीत आहे. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमिनीलगतची हवा गार होते, जड होते आणि पाण्यासारखी उतारावरून वाहत खोलगट भागात साचते. म्हणूनच महाबळेश्वरला दवबिंदू गोठल्याची बातमी बहुतेक वेळा वेण्णा तलावाच्या परिसरातून येते आणि उटीलाही हिमकण आधी सखल भागात दिसतात.

हे आपल्या शेताशीही थेट जोडलेलं आहे. हवामानावर आधारित फळपीक विम्यात भरपाई ठरते ती ठरवून दिलेल्या हवामान केंद्राच्या नोंदीवरून. केंद्र उंचावर आणि केळीची बाग खोलगट जागी असेल, तर केंद्र ‘थंडी नव्हती’ म्हणेल आणि बाग करपलेली असेल. दोन्ही खरं! पण शेतकऱ्याच्या हातात स्वतःच्या शिवाराची नोंद नसेल, तर केंद्राचा आकडा अपुरा आहे हे तो दाखवणार कशाने?

व्हाइट यांच्याकडे मोठी प्रयोगशाळा नव्हती. एक वही होती, थोडी यंत्रं होती आणि आपला अंदाज चुकला तर तोही लिहून ठेवायची तयारी होती. तुमच्या गावात अशी वही कुणी ठेवत असेल, तर ती एकदा मागून वाचा. कुणी ठेवत नसेल, तर आज रात्रीचं तापमान लिहून सुरुवात तुम्हीच करा.