दुधाळ गाय आणि कोरडवाहू गाव

नागपूर-हैदराबाद महामार्गावर पांढरकवडा लागते. यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुक्याचे हे मुख्य ठिकाण. भोवती कापसाची काळी जमीन आहे. इथल्या शेतकऱ्याच्या दावणीला गाय पूर्वीपासून आहे. पण ती मुख्यतः बैलांसाठी. वर्धा-नागपूर भागातली गवळाऊ जात पाहा: पांढरी, चपळ, ओढकामाला उत्तम, दूध मात्र बेताचे.

जुलै २००६ मध्ये, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर, केंद्र सरकारने यवतमाळसह विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर केली. तिच्यात निम्म्या अनुदानावर दुधाळ गाई देण्याचा कार्यक्रमही होता. विचार सरळ होता: कापूस वर्षातून एकदा पैसा देतो, दूध रोज देते. पण त्याच वर्षी वृत्तपत्रांतून वेगळ्या तक्रारी येऊ लागल्या. गाय पोसण्याचा खर्च दुधातून निघत नव्हता. काहींनी गाय दुसऱ्याला देऊन टाकली. असे का व्हावे?

संकरित गाय महाराष्ट्रात यशस्वी झाली होती, यात शंका नाही. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळीकांचन येथे ‘बाएफ’ ही संस्था स्थापन केली. होल्स्टीन व जर्सी वळूंचे गोठवलेले वीर्य वापरून गावठी गाईंपासून दुधाळ कालवडी तयार करण्याचे काम तिने गावोगाव नेले. पश्चिम महाराष्ट्रात या गाईमागे बागायती चारा, उसाचे वाढे, जवळ पशुवैद्य आणि सकाळ-संध्याकाळ दूध घेणारी सहकारी संस्था उभी होती. विदर्भात गाय आली. तिच्यामागची ही व्यवस्था तितकी आली नाही.

आता गाईच्या पोटात डोकावू. रवंथ करणाऱ्या जनावराच्या कोठीपोटात सूक्ष्मजीव चारा आंबवतात आणि त्यातून उष्णता निघते. दूध जितके जास्त तितका चारा जास्त, आणि उष्णताही जास्त. होल्स्टीन थंड हवामानातली. तिला साधारण ५ ते २५ अंश सेल्सिअस तापमान मानवते. पांढरकवड्याचा उन्हाळा चाळिशी सहज ओलांडतो. अंगातली उष्णता बाहेर टाकता येईना, की गाय खाणेच कमी करते आणि दूध आटते. गावठी गाईची कातडी सैल, केस आखूड, घाम येण्याची क्षमता अधिक आणि दूध थोडे. म्हणून तिला ऊन सोसते.

रोगांचेही तसेच. गोचिडांमधून पसरणारा थायलेरिया हा परजीवी गावठी गाईला सहसा फारसा त्रास देत नाही. संकरित गाईला मात्र तीव्र ताप येतो, रक्तक्षय होतो आणि वेळेवर उपचार न मिळाल्यास ती दगावते. लस आणि औषध दोन्ही आहेत, पण त्यासाठी डॉक्टर वेळेवर पोचावा लागतो.

शेवटी चारा. ४०० किलो वजनाच्या, रोज १० लिटर दूध देणाऱ्या गाईला दिवसाला सुमारे १२ किलो शुष्क पदार्थ लागतो: म्हणजे साधारण २० किलो हिरवा चारा, ४ किलो कडबा आणि ५ किलो खुराक. ज्वारीची जागा कापूस आणि सोयाबीनने घेतली, तसा घरचा कडबा संपला. पऱ्हाट्या चुलीत जातात, सोयाबीनचे कुटार निकृष्ट. ज्या शेतातून सरकी निघते, त्याच शेतकऱ्याला सरकीची पेंड विकत आणावी लागते.

यात दोष गाईचा नाही आणि संकराचाही नाही. आधी पाणी, चारा, सावली, डॉक्टर आणि दुधाचे गिऱ्हाईक; मग गाय, असा क्रम हवा होता. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना गावातल्या एखाद्या गोठ्यावर न्यावे. डिसेंबरात एक आठवडा आणि एप्रिलमध्ये एक आठवडा गाईने खाल्लेला चारा, प्यायलेले पाणी, दूध आणि दुपारचे तापमान यांची नोंद ठेवावी. शेजारी खर्च आणि मिळालेले पैसे लिहावेत. शरीरक्रिया आणि अर्थशास्त्र हे दोन्ही विषय एकाच वहीत दिसतील.