'आम्ही' की 'आपण'? : मुंबईतील एका पहिल्या रॉकसंग्रहाचा अन्वय

गीत हा वाङ्मयप्रकार मराठी समीक्षेला परका नाही. ओवी, अभंग, लावणी, पोवाडा आणि भावगीत यांची चर्चा तिने सातत्याने केली आहे. मात्र मुंबईत, मुंबईकरांनीच इंग्रजीत रचलेल्या रॉकगीतांची नोंद ना मराठी वाङ्मयेतिहासाने घेतली, ना भारतीय इंग्रजी साहित्याच्या इतिहासाने. हे गीत दोन्ही घरचे पाहुणे राहिले. 'पेंटाग्राम' या मुंबईच्या बँडचा 1996 साली निघालेला पहिला संग्रह 'वुई आर नॉट लिसनिंग' हा या दृष्टीने तपासण्याजोगा दस्तऐवज ठरतो. गायक विशाल दादलानी, गिटारवादक रँडॉल्फ कोरेया, बासवादक पापल माने आणि ड्रमवादक शिराझ भट्टाचार्य ही या बँडची परिचित रचना होय.

या संग्रहाच्या शीर्षकापासूनच प्रश्नाला आरंभ होतो. ते मराठीत आणू जाता भाषांतरकाराला एक निर्णय घ्यावा लागतो. इंग्रजीतील प्रथमपुरुषी अनेकवचनी सर्वनाम श्रोत्याला आत घेते की बाहेर ठेवते, हे संदिग्ध असते. मराठीत ही संदिग्धता टिकत नाही. 'आम्ही ऐकत नाही' म्हटले तर ते बंड ठरते. त्यात 'तुम्ही' वगळलेले असतात, आणि मराठीत 'न ऐकणे' म्हणजे आज्ञा न मानणेही असल्याने या बंडाला अधिकच धार येते. 'आपण ऐकत नाही' म्हटले तर तेच वाक्य एका समाजाची कबुली बनते. पहिल्या अर्थाने बोलणारा समूह शहरापासून वेगळा उभा असतो, तर दुसऱ्या अर्थाने तो शहराचाच भाग असतो. इंग्रजी रॉक मुंबईचे आहे काय, हा वाद वस्तुतः या दोन सर्वनामांमधील वाद आहे.

या निर्मितीची पार्श्वभूमी थोडक्यात अशी सांगता येईल. धोबीतलावच्या रंगभवनात 1986 पासून फरहाद वाडिया यांनी सुरू केलेला 'इंडिपेंडन्स रॉक' हा महोत्सव भरू लागला. त्या काळातील बहुसंख्य बँड पाश्चात्त्य गीतेच हुबेहूब वाजवीत, आणि श्रोत्यांची दादही या हुबेहूबपणालाच मिळे. या वातावरणात 'रॉक मशीन'ने 1988 साली 'रॉक अँड रोल रेनेगेड' हा स्वतःच्या रचनांचा संग्रह काढला. हाच बँड 1993 पासून 'इंडस क्रीड' झाला. नावात सिंधू नदी आणि वाद्यमेळात भारतीय वाद्ये आणून त्याने भारतीयत्वाची खूण धारण केली. 'पेंटाग्राम'च्या पहिल्या संग्रहाच्या नावात अशी खूण नाही. त्याने आपल्या जागेचा पुरावा दिला नाही, आणि पुरावा मागणाऱ्याला शीर्षकातूनच उत्तर दिले, असेही म्हणता येईल.

ज्या प्रवाहात हा संग्रह मोडतो त्याला 'पर्यायी' असे विशेषण लावले जाते. अमेरिकेत या संज्ञेला निश्चित आधार होता. महाविद्यालयीन नभोवाणी केंद्रे, लहान ध्वनिमुद्रण संस्था आणि हस्तपत्रवजा नियतकालिके यांनी तेथे बड्या कंपन्यांना समांतर अशी व्यवस्था उभारली होती. 'निर्वाणा'चा 'ब्लीच' (1989) याच व्यवस्थेतून आला. मुंबईत अशी व्यवस्था जवळजवळ नव्हतीच. उपग्रह दूरचित्रवाणी 1991 साली आली, आणि आकाशवाणीच्या एफएमवर 1993 पासून खासगी कार्यक्रमांना वेळ मिळाला. शिवाय येथील प्रस्थापित संगीत म्हणजे हिंदी चित्रपटगीत. त्यामुळे मुंबईतील 'पर्यायी' रॉक हे पाश्चात्त्य लोकप्रिय रॉकला पर्याय असण्यापूर्वीच चित्रपटगीताला पर्याय ठरले. संज्ञा आयात झाली, परंतु तिचा विरोधविषय येथलाच होता. साठोत्तरी मराठी लघुअनियतकालिकांशी याचे साम्य दिसते, पण ते एका मर्यादेपर्यंतच. लघुअनियतकालिकांनी प्रस्थापित वाङ्मयाशी झगडा केला तो त्याच भाषेत राहून. रॉकने मात्र भाषाच बदलली.

देशीवादाचा आक्षेप नेमका येथे उभा राहतो. भालचंद्र नेमाडे यांच्या 'टीकास्वयंवर' (1990) मधील विवेचनाचा आधार घेतल्यास, ज्या कृतीची मुळे आपल्या भाषासमूहात रुजलेली नाहीत ती अनुकरणाच्या पातळीवरच राहते, असे म्हणावे लागेल. हा आक्षेप सहज झटकता येत नाही. इंग्रजी गीत समजणे हा या शहरात वर्गाचा प्रश्न आहे, आणि रंगभवनातील श्रोतृवर्ग म्हणजे संपूर्ण मुंबई नव्हे. तथापि मुंबईचे भाषिक वास्तव एकभाषिक कसोटीत मावत नाही, याची साक्ष मराठीतील एक थोर कवीच देतो. अरुण कोलटकर पखवाज शिकले, आणि 1970 च्या दशकाच्या आरंभी त्यांनी इंग्रजी गीते रचून ध्वनिमुद्रितही केली. ती कवितेच्या वाचकांपुढे मुख्यतः 2009 साली, अरविंद कृष्ण मेहरोत्रा यांनी संपादित केलेल्या 'द बोटराइड अँड अदर पोएम्स'मधून आली. 'अरुण कोलटकरच्या कविता' (1977) लिहिणाऱ्या कवीला रॉकगीताची ओढ वाटली असेल, तर या प्रकाराला केवळ अनुकरण म्हणून बाजूला सारता येत नाही.

या संग्रहानंतरच्या घडामोडींचा अर्थ भूगोलातूनही लागतो. रंगभवन शांतता क्षेत्रात येत असल्याने 2000 नंतरच्या काळात तेथील रॉक मैफली थांबल्या. पुढे 'इंडिपेंडन्स रॉक' अंधेरी पश्चिमेच्या चित्रकूट मैदानावर भरला. चर्चगेटपासून सुमारे 22 किलोमीटरवरील या उपनगराची ओळख मात्र वेगळी होती. आंबोलीच्या 'फिल्मालय'पासून पुढील असंख्य ध्वनिमुद्रणगृहांपर्यंत अंधेरी हा चित्रपटव्यवसायाचा परिसर आहे. ज्याला पर्याय म्हणून हे संगीत उभे राहिले, त्याच्याच अंगणात ते जाऊन पोहोचले. व्यक्तींच्या बाबतीतही असेच घडले. दादलानी यांनी 'प्यार में कभी कभी' (1999) पासून शेखर रावजियानी यांच्यासह हिंदी चित्रपटांना संगीत दिले, आणि त्याच वेळी 'अप' (2002) या इलेक्ट्रॉनिक ध्वनीकडे वळलेल्या संग्रहातून 'पेंटाग्राम'ही चालू ठेवले. बँडच्या 2011 च्या संग्रहाचे नाव 'ब्लडीवुड' आहे. चित्रपटनगरीला मारलेला हा टोमणा आतल्या माणसाचा आहे, हे विसरता येत नाही.

या दुहेरी वावराला तडजोड म्हणणे सोपे आहे. परंतु मराठी आणि इंग्रजी या दोन्हींत लिहिणाऱ्या कोलटकर-चित्रे यांच्या बाबतीत ज्याला समीक्षा द्वैभाषिकता म्हणते, तिलाच येथे तडजोड म्हणावयाचे असेल, तर त्याचे कारण द्यावे लागेल. पहिल्या संग्रहाचे मोल त्याच्या परिपूर्णतेत शोधावयाचे नसते. हुबेहूबपणाची दाद मिळणाऱ्या शहरात स्वतःचे वाक्य उच्चारण्याची जबाबदारी त्याने घेतली, ही त्याची ऐतिहासिक कामगिरी होय. ते वाक्य 1996 साली 'आम्ही' असे ऐकू आले असेल. चित्रकूट मैदानापर्यंतचा प्रवास ध्यानात घेतल्यावर त्यात 'आपण'ही ऐकू येते. मराठी समीक्षेपुरते बोलावयाचे तर, न ऐकण्याचा आरोप या दुसऱ्या वाचनात तिच्यावरही येतो.