हुशार हान्स आणि प्रामाणिक माणसं

१९०४ सालच्या उन्हाळ्यात बर्लिनच्या ग्रीबेनोव रस्त्यावरच्या एका अंगणात रोज गर्दी जमायची. मध्ये उभे विल्हेल्म फॉन ओस्टेन. गणिताचे निवृत्त शिक्षक, पांढरी दाढी, डोक्यावर रुंद काठाची हॅट. शेजारी त्यांचा घोडा हान्स. ‘पाचात दोन मिळवले तर किती?’ असं विचारलं की हान्स उजव्या खुरानं सात टापा मारायचा. अपूर्णांकांची बेरीज, घड्याळातली वेळ, महिन्यातली तारीख, गर्दीतल्या माणसांची मोजदाद, सगळ्याची उत्तरं टापांतच. बरोबर आलं की पाव नाहीतर गाजर. फॉन ओस्टेन बघ्यांकडून एक पैसा घेत नसत. त्यांना एवढंच सिद्ध करायचं होतं की शिकवलं तर घोडाही शिकतो.

मराठी वाचकाला हे ऐकून नंदीबैल आठवेल. ‘पाऊस पडेल का?’ म्हटलं की झूल घातलेला बैल गुबुगुबूच्या तालावर मान डोलावतो, आणि त्याला इशारा धनी देतो हे दारातल्या पोरांनाही ठाऊक असतं. बर्लिनकरांनीही तोच संशय घेतला. पण तिथे एक गोष्ट जुळेना. फॉन ओस्टेन जागेवर नसतानाही, कुणी तिऱ्हाइतानं प्रश्न विचारला तरी हान्स बरोबर उत्तर द्यायचा.

मग तेरा जणांची समिती बसली. तिच्यात सर्कसचे मालक होते, प्राणिसंग्रहालयाचे संचालक होते, पशुवैद्य, शिक्षक आणि घोडदळाचे अधिकारी होते, आणि बर्लिन विद्यापीठातले मानसशास्त्राचे प्राध्यापक कार्ल श्टुम्फ होते. १२ सप्टेंबर १९०४ रोजी समितीनं निर्वाळा दिला की यात कोणतीही हेतुपुरस्सर चलाखी नाही. वर्तमानपत्रांनी त्याचा अर्थ ‘घोडा खरोखर विचार करतो’ असा लावला. श्टुम्फनी मात्र प्रकरण मिटवलं नाही. पुढचा तपास त्यांनी ऑस्कर फुंग्स्ट या आपल्या तरुण सहकाऱ्याकडे सोपवला.

फुंग्स्टनं पहिलं काम केलं ते अंगणात तंबू ठोकण्याचं, म्हणजे बघ्यांची नजर आड झाली. मग त्यानं प्रत्येक प्रश्न दोन तऱ्हांनी विचारायला सुरुवात केली. एकदा विचारणाऱ्याला उत्तर माहीत असे, एकदा नसे. आकडे लिहिलेल्या पुठ्ठ्यांतला एक उचलायचा, स्वतः न बघता घोड्यासमोर धरायचा आणि टापा मोजायच्या. बेरजेसाठी युक्ती आणखी साधी होती. फॉन ओस्टेननी हान्सच्या कानात एक आकडा कुजबुजायचा, फुंग्स्टनं दुसरा. आता बेरीज ठाऊक असली तर एकट्या घोड्यालाच.

घोड्याला ती ठाऊक नव्हती. आकड्यांच्या पुठ्ठ्यांत, विचारणाऱ्यानं आकडा पाहिलेला असला की १००पैकी ९८ उत्तरं बरोबर यायची. पाहिलेला नसला की ८. पुढे डोळ्यांना झापडं बांधून प्रयोग झाले. विचारणारा दिसत असला तर ८९ टक्के बरोबर, दिसत नसला तर ६ टक्के. म्हणजे हान्सला गणित येत नव्हतं, त्याला माणूस वाचता येत होता. प्रश्न विचारून झाला की माणूस नकळत खुराकडे बघायला किंचित वाकतो. तेवढ्यावर हान्स टापा सुरू करी. अपेक्षित आकडा आला की ताण सुटतो आणि डोकं हलकेच वर होतं. तेवढ्यावर हान्स थांबे. फॉन ओस्टेनच्या हॅटच्या रुंद काठानं ही हालचाल उलट ठळकच केली होती.

खरी गंमत पुढे आहे. फुंग्स्टनं प्रयोगशाळेत २५ माणसं बोलावली. त्यांनी मनात एक आकडा धरायचा आणि स्वतः फुंग्स्टनं घोडा होऊन हातानं टकटक करायची. २५पैकी २३ जणांनी तोच इशारा दिला आणि आपण काही हललो याचा त्यांना पत्ताही नव्हता. गुपित कळल्यावर फुंग्स्टला स्वतःलाही तो इशारा पुरता आवरता येईना. नंदीबैलवाल्याला आपण काय करतो हे माहीत असतं. फॉन ओस्टेनना ते माहीत नव्हतं. मानसशास्त्राच्या संशोधनपद्धतीचा इतिहास या एका फरकाभोवती फिरतो. लबाडाला पकडायला पोलीस पुरे असतात. पद्धत लागते ती प्रामाणिक माणसासाठी.

ही अडचण पहिल्यांदा बोचली ती खगोलशास्त्रज्ञांना. १७९६ साली ग्रिनिच वेधशाळेचे प्रमुख नेव्हिल मॅस्केलिन यांनी डेव्हिड किनेब्रूक या सहायकाला कामावरून काढलं. दुर्बिणीतल्या तारेवरून तारा सरकण्याची वेळ तो मॅस्केलिनपेक्षा ०.८ सेकंदानं उशिरा नोंदवत होता. पुढे पंचवीस-तीस वर्षांनी क्योनिग्सबर्गचा खगोलशास्त्रज्ञ बेसेल यानं नामांकित वेधकर्त्यांच्या नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा कुणाच्याच वेळा एकमेकांशी जुळेनात. किनेब्रूक आळशी नव्हता. मोजणाऱ्या प्रत्येक माणसाच्या आत थोडी चूक असते आणि ती मोजता येते, हे तेव्हा ध्यानात आलं.

१८६०मध्ये लाइपझिगच्या गुस्ताव फेख्नरनं मनाच्या मोजमापावर ग्रंथ काढला. दोन वजनांतलं जड कोणतं हे ठरवायला त्यानं एका प्रयोगात २४,५७६ वेळा वजनं उचलली. चिकाटी अफाट, पण उचलणारा तोच आणि निकाल देणाराही तोच. १८८४च्या सुमारास अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात चार्ल्स पर्स आणि त्याचा विद्यार्थी जोसेफ जॅस्ट्रो यांनी हा प्रयोग पुन्हा हाती घेतला तो पत्त्यांचा कॅट घेऊन. आधी जड की आधी हलकं, हे पत्ता ओढून ठरे. वजन बदलणारा पडद्याआड बसे. क्रम माणसानं मनानं ठरवला की त्यात त्याची सवय उतरते, आणि समोरच्याला ती सवय हेरता येते. पिसलेल्या पत्त्यांना सवय नसते. ‘मला काहीच फरक जाणवत नाही’ असं सांगणाऱ्याला तरीही अंदाज करायला लावलं, तर त्याचे पाचांपैकी सुमारे तीन अंदाज बरोबर येतात, हेही त्यांना याच प्रयोगात आढळलं.

तीन अंदाज बरोबर, पण ते ज्ञानामुळे की नशिबानं? या प्रश्नाला हिशेबी उत्तर मिळालं ते इंग्लंडच्या रॉथॅमस्टेड शेती संशोधन केंद्रात, चहाच्या वेळी. शेवाळांच्या अभ्यासक म्युरिएल ब्रिस्टल यांचं म्हणणं होतं की कपात आधी दूध घातलं की आधी चहा, हे त्यांना चवीवरून कळतं. संख्याशास्त्रज्ञ रोनल्ड फिशरनी १९३५च्या आपल्या पुस्तकात याच दाव्याचा नमुना-प्रयोग मांडला आणि त्याला नाव दिलं ‘मनोभौतिक प्रयोग’. आठ कप, चार आधी दुधाचे, चार आधी चहाचे, क्रम चिठ्ठ्या टाकल्यासारखा. आठांतून चार निवडण्याचे मार्ग ७०. निव्वळ अंदाजानं सगळे कप ओळखण्याची शक्यता सत्तरात एक. एक अदलाबदल झाली तर हिशेब एकदम ढासळतो: चारांतले निदान तीन कप अंदाजानं बरोबर येण्याची शक्यता सत्तरात सतरा, म्हणजे जवळजवळ चारात एक. त्या जोरावर दावा मान्य करता येत नाही. बाईंनी किती कप ओळखले हे फिशरनी पुस्तकात लिहिलंच नाही. कप भरण्याआधीच ‘किती आले तर मानायचं’ हे ठरवणं त्यांना महत्त्वाचं वाटत होतं.

हान्सचं भूत मात्र उतरलं नव्हतं. १९६३ साली रॉबर्ट रोझेंथाल आणि केर्मिट फोड यांनी १२ विद्यार्थ्यांना प्रत्येकी पाच उंदीर दिले. निम्म्यांना सांगितलं की तुमचे उंदीर चक्रव्यूहात हुशार निघालेल्या वाणाचे, निम्म्यांना सांगितलं की तुमचे मठ्ठ. उंदीर सगळे सारखेच होते. तरी ‘हुशार’ उंदरांचे आकडे सरस आले. हा फरक लबाडीतून आलेला नव्हता. त्यांची अपेक्षा आकड्यांत झिरपली होती. औषधांच्या चाचण्यांत गोळी खऱ्या औषधाची की नुसत्या साखरेची हे रुग्णाला सांगत नाहीत आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही सांगत नाहीत, ते याच कारणानं.

आकडेमोडीतही अपेक्षा झिरपतेच. २०११मध्ये सिमन्स, नेल्सन आणि सिमनसोन या तिघांनी मुद्दाम एक वेडगळ निष्कर्ष ‘सिद्ध’ करून दाखवला. बीटल्सचं ‘व्हेन आय एम सिक्स्टी-फोर’ हे गाणं ऐकल्यावर माणसाचं वय सुमारे दीड वर्षानं कमी होतं! आकडे त्यांनी बनवले नव्हते. किती माणसांवर थांबायचं आणि कोणती तुलना छापायची, एवढंच निकाल बघत बघत ठरवलं होतं. चार वर्षांनी मानसशास्त्रातले छापून आलेले १०० प्रयोग पुन्हा करून पाहण्यात आले. मूळच्या ९७ टक्के प्रयोगांत संख्याशास्त्रीय कसोटीला उतरणारा निकाल होता. पुन्हा केल्यावर तो ३६ टक्क्यांतच आला. तेव्हापासून बरेच संशोधक प्रयोगाआधीच आपली अटकळ आणि हिशेबाची रीत लिहून नोंदवून ठेवतात. फिशरच्या चहाची तीच अट.

फॉन ओस्टेनना फुंग्स्टचा निष्कर्ष कधीच पटला नाही. १९०९ साली ते वारले आणि हान्स एल्बरफेल्डच्या कार्ल क्राल या व्यापाऱ्याकडे गेला. त्यानं आणखी घोडे आणून गणिताची शाळा पुढे चालू ठेवली. प्रामाणिक माणूसही असा फसतो. म्हणून स्मरणशक्ती वाढवणाऱ्या गोळीची किंवा बुद्धी तल्लख करणाऱ्या शिबिराची ‘संशोधनानं सिद्ध’ अशी जाहिरात पुढ्यात आली, तर वाचकानं टक्केवारी नंतर बघावी. आधी एवढंच विचारावं: गुण देणाऱ्याला माहीत होतं का, गोळी कुणी घेतली होती ते?