रोग्याची खाट किती उंच?

१९०६ साली खान्देश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे झाले. सरकारी वैद्यकीय महाविद्यालय धुळ्याला आधी आलं, जळगावला २०१८ मध्ये. इतिहास म्हणून आपण असल्या तारखा सांगतो. रोगी निजला कशावर, हे कोणी विचारत नाही.

आमच्याकडे माणूस आजारी पडायचा तो बाजेवर. सुतळीची नाहीतर नवारीची, गुडघ्याच्याही खाली. पाय सोडले की जमिनीला टेकले. दोषही होते तिचे. मध्ये झोळ पडायचा, मोडलेल्या हाडाला आधार मिळायचा नाही, आणि ढेकूण तर कितीही उन्हात टाका, जायचे नाहीत. तेव्हा लोखंडी खाट आली हे बरंच झालं. ती धुता-पुसता येते. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंचाही आग्रह लोखंडी खाटेचाच होता. पण त्याच बाईंनी १८६० च्या सुमारास असंही लिहिलं की रोग्याची खाट सोफ्यापेक्षा उंच नको. चढ-उतारातच त्याची शक्ती संपते. हे मात्र आपण घेतलं नाही. सिस्टरला, डॉक्टरला वाकावं लागू नये म्हणून खाट उंचच राहिली. त्यांचीही कंबर कंबरच आहे, हे आम्हाला मान्य.

या दोघांच्या भांडणावर तोड निघाली लंडनमध्ये, १९६० च्या दशकात. ब्रूस आर्चर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किंग्ज फंड या संस्थेसाठी वर-खाली होणारी खाट तयार केली. पायानं पेडल मारलं की वर, काम झालं की खाली. एवढंच!

आमची आई आयुष्यभर बाजेवर निजली. म्हातारपणी एका दवाखान्यात – नाव घेत नाही – तिला भरती केलं. पहिल्याच रात्री म्हणाली, "पाय खाले पुरत नही रे भाऊ." आम्ही हसलो. तत्त्वज्ञानात डॉक्टरेट, अन् एवढं कळलं नाही. पहाटे ती लघवीला उठली. कठडा वर केलेला होता बरं का. ती तो ओलांडून उतरायला गेली आणि खालचं लोखंडी स्टूल सरकलं. खुबा मोडला. कठडा नसता तर निदान कमी उंचीवरून पडली असती.

आता घरातलं कोणी भरती व्हायचं असलं की आम्ही आधी स्वतः खाटेवर बसून पाहतो. पाय टेकतात का, चाकांचा ब्रेक धरतो का, स्टूलाच्या पायांना रबर आहे का. सिस्टर हसतात. पाय टेकत नसले तर गादी खाली जमिनीवर घालायला सांगतो.