रजनीश आणि ग्रीक तत्त्वज्ञान

जबलपूर येथे तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी व अध्यापक राहिलेले आचार्य रजनीश ऊर्फ ओशो (११ डिसेंबर १९३१–१९ जानेवारी १९९०) यांची प्राचीन ग्रीक विचारवंतांवरील प्रवचने, तसेच ग्रीक प्रश्नपद्धतीशी त्यांच्या प्रवचनपद्धतीचे नाते.

जबलपूरचा काळ : जन्म कुचवाडा (जि. रायसेन, मध्य प्रदेश). १९५१ मध्ये जबलपूरच्या हितकारिणी महाविद्यालयात प्रवेश, पुढे डी. एन. जैन महाविद्यालयातून १९५५ मध्ये बी. ए. आणि १९५७ मध्ये सागर विद्यापीठातून एम. ए. रायपूर येथे अल्पकाळ नोकरी केल्यानंतर १९५८ पासून जबलपुरात अध्यापन. १९६६ मध्ये राजीनामा. २१ मार्च १९५३ रोजी जबलपूरच्या भंवरताल उद्यानात ज्ञानप्राप्ती झाल्याचे त्यांचे स्वतःचे कथन आहे.

ग्रीक पार्श्वभूमी : इ. स. पू. सहाव्या शतकात मायलीटस या ग्रीक नगरात सर्व वस्तूंचे मूलद्रव्य कोणते, हा प्रश्न प्रथम मांडला गेला. थेलीझने पाणी, ॲनॅक्सिमँडरने अमर्याद तत्त्व, तर ॲनॅक्सिमिनीझने हवा असे उत्तर दिले. उत्तरे लवकरच मागे पडली. पण देवकथेचा आधार न घेता कारण सांगायचे आणि आधीच्याचे म्हणणे तपासून पुढे जायचे, ही रीत टिकली.

सॉक्रेटीसने (मृत्यू इ. स. पू. ३९९) हा रोख सृष्टीकडून माणसाच्या आचरणाकडे वळवला. त्याने स्वतः काही लिहिले नाही. प्लेटो, झेनोफन व ॲरिस्टोफेनीस यांनी रंगवलेली त्याची चित्रे एकमेकांशी जुळत नाहीत. त्याची पद्धत कळण्यासाठी प्लेटोचा ‘लॅकीझ’ हा संवाद पाहावा. धैर्य म्हणजे काय, असा प्रश्न दोन सेनानींपुढे आहे. जो रांग सोडून पळत नाही तो धीट, असे लॅकीझ सांगतो. मग मागे हटत लढणारे सिथियन घोडेस्वार भित्रे म्हणायचे का, असे सॉक्रेटीस विचारतो. लॅकीझ व्याख्या बदलतो : धैर्य म्हणजे मनाची चिकाटी. मूर्खपणाची चिकाटीही धैर्यच का, हा पुढचा प्रश्न. तेव्हा दुसरा सेनानी निकिआस म्हणतो, कशाला भ्यावे व कशाला भिऊ नये याचे ज्ञान म्हणजे धैर्य. तपासताना ही व्याख्या धैर्याची न राहता सगळ्याच सद्‌गुणांची होऊन बसते. संवाद उत्तराविना संपतो. येथे विचारणारा स्वतःला जाणता म्हणवत नाही आणि प्रत्येक पायरीला समोरच्याची कबुली घेतो. या पद्धतीचे सारे बळ त्या कबुलीत आहे.

पुण्यातील प्रवचने : १९७४ मध्ये रजनीश मुंबईहून पुण्यात कोरेगाव पार्क येथे आले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांनी प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ हेराक्लायटसच्या उपलब्ध वचनांवर प्रवचनमाला दिली (‘द हिडन हार्मनी’). हेराक्लायटसला पाश्चात्त्य परंपरेने दूर सारले व ॲरिस्टॉटलला मध्यभागी बसवले, ही त्यांची मुख्य तक्रार. विरोधी टोकांची एकता आणि अखंड परिवर्तन हे हेराक्लायटसचे विचार त्यांना उपनिषदांच्या व बुद्धाच्या जवळचे वाटले. डिसेंबर १९७८–जानेवारी १९७९ मधील ‘फिलॉसॉफिया पेरेनिस’ ही माला पायथॅगोरसच्या नावावरील ‘सुवर्ण वचनां’वर आहे, ती वचने बऱ्याच उत्तरकाळातील असावीत, असे अभ्यासक मानतात.

पद्धतीचा प्रश्न : रजनीशांच्या अनेक प्रवचनांचा साचा प्रश्नोत्तरांचा असला, तरी तो सॉक्रेटीसचा म्हणता येत नाही. येथे साधक लेखी प्रश्न देतो आणि गुरू दीर्घ उत्तर देतो. उत्तरावर साधकाचा उलट प्रश्न येत नाही, त्याची कबुलीही लागत नाही. उपनिषदांतील गुरुशिष्यसंवादाशी या साच्याचे साम्य अधिक आहे. त्यांच्या पुस्तकांचा ग्रीक विचारांची ओळख म्हणून उपयोग करताना हे ध्यानात ठेवावे.

क्रीटचा प्रसंग : फेब्रुवारी १९८६ मध्ये रजनीश क्रीट बेटावर चित्रपट-दिग्दर्शक निकोस कुंडुरोस यांच्या घरी उतरले. ऑर्थोडॉक्स चर्चचा विरोध झाला आणि ५ मार्च रोजी त्यांना अटक करून देशाबाहेर पाठवण्यात आले. तेथील प्रवचनसंग्रहाच्या नावात सॉक्रेटीसला पंचवीस शतकांनंतर पुन्हा विष दिल्याचा दावा आहे. तरुणांना बिघडवल्याचा आरोप दोन्हीकडे दिसतो. मात्र सॉक्रेटीसवर नागरिकांच्या न्यायमंडळापुढे खटला चालला होता आणि अथेन्स सोडून पळण्याची संधी त्याने नाकारली होती.

ॲरिस्टॉटल : रजनीशांकडे ॲरिस्टॉटलचा उल्लेख बहुधा त्याच्या तर्कशास्त्रावरील टीकेपुरता येतो.